एव्हरेस्टवरचा डॉक्टर नोआ

फौजी माणसाबरोबर युद्धाचा सिनेमा बघायला बसू नये. नायक शत्रूच्या चौकीवर चढत असतो, पार्श्वसंगीत टिपेला पोचलेलं असतं, आणि शेजारून आवाज येतो, "याचे केस बघा, कुठल्या कमांडिंग ऑफिसरनं परवानगी दिली?" मग मेडलच्या फिती उलट्या लावल्यात, मॅगझिन एकदाही बदललं नाही, अंधारात टॉर्च पेटवला, अशी यादी सुरू होते. घरी सौभाग्यवतींनी माझ्यासोबत असे सिनेमे बघणं कधीच सोडून दिलंय. पोस्टवर मात्र सगळेच एका माळेचे मणी. तिथे सिनेमा बघायचा तो चुका काढायलाच.

आमची ती पोस्ट पंधरा हजार फुटांच्या वर होती. नाव लिहीत नाही, लिहायचंही नसतं. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की करमणुकीची साधनं दोन, कॅरम आणि कुणीतरी सुट्टीवरून भरून आणलेली हार्ड डिस्क. त्या डिस्कमध्ये एका साहेबांच्या कृपेने 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' ही जुनी अमेरिकन मालिका होती. अंतराळस्थानक, परग्रहावरचे लोक, त्यांचं राजकारण. मी सिग्नल्सवाला, त्यामुळे यंत्रांच्या गोष्टी मला आवडतात. बाकीच्यांना मी हिंदीत समजावून सांगायचो. बुखारीभोवती आठ-दहा जण, मधे लॅपटॉप.

त्यातला एक भाग आम्ही तीनदा बघितला. नाव 'अवर मॅन बशीर'. चौथ्या सीझनमधला, १९९५ सालचा. नावातच थट्टा आहे. १९६६ साली 'अवर मॅन फ्लिंट' नावाचा सिनेमा आला होता, तोही जेम्स बाँडची टिंगलच. तिचं नाव या भागानं उचललं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. त्या स्थानकावर होलोसूट नावाची खोली असते. आत शिरलं की हवं ते जग उभं राहतं, हात लावला तर लागतं, माणसं बोलतात. स्थानकाचा तरुण डॉक्टर ज्युलियन बशीर तिथे फावल्या वेळात १९६४ सालचा गुप्तहेर होऊन खेळत असतो. काळा टक्सिडो, हाँगकाँगमधला आलिशान फ्लॅट, शॅम्पेन. सुरुवातीलाच तो शॅम्पेनच्या बाटलीचं बूच उडवून एका गुंडाला आडवा करतो. तेवढ्यात त्याचा मित्र गारॅक न विचारता आत येतो. गारॅक स्थानकावर शिंपी म्हणून राहतो, पण पूर्वी तो आपल्या देशाच्या हेरखात्यात होता. म्हणजे खोट्या हेराच्या खेळात खरा हेर शिरला.

इकडे बाहेर, स्थानकाचा कमांडर सिस्को आणि चार अधिकारी ज्या लहान यानातून परत येत असतात त्यात घातपात होतो. स्फोटाच्या क्षणी त्यांना ट्रान्सपोर्टरनं उचलतात खरं, पण यंत्रच बिघडतं. माणसं विरघळलेली, परत जुळवता येईनात. मग त्यांची शरीरं आणि मनं माहितीच्या रूपात स्थानकाच्या संगणकात कोंबली जातात. मनं इतकी मोठी की सगळ्या यंत्रणांची स्मृती त्यातच भरते. शरीरांचे आराखडे जातात होलोसूटच्या स्मृतीत. आणि बशीरच्या खेळातल्या पात्रांना एकेक करून या पाच जणांचे चेहरे मिळतात. मेजर किरा होते रशियन कर्नल, ओब्रायन होतो डोळ्यावर पट्टी बांधलेला मारेकरी, आणि खुद्द सिस्को होतो खलनायक, डॉक्टर हिपोक्रॅटिस नोआ. खेळात यांतलं कुणी मेलं, किंवा खेळ बंद केला, तर खरी माणसं कायमची पुसली जाण्याची भीती. त्यात होलोसूटची सुरक्षाही निकामी झालेली, म्हणजे गोळी लागली तर खरीच लागणार.

आता आमच्या चुका काढण्याच्या कार्यक्रमाकडे येतो.

डॉक्टर नोआचा अड्डा एव्हरेस्टवर आहे. हे कळल्याबरोबर आमच्या खोलीत जो हशा पिकला तो बाहेरच्या सेंट्रीला ऐकू गेला असेल. आम्हाला पोस्टवर चढवण्याआधी टप्प्याटप्प्यानं थांबवलं होतं. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार, पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार. तरीसुद्धा जेरीकॅन उचलून वीस पावलं चाललं की छाती भात्यासारखी चालते. डाळ कुकरशिवाय शिजत नाही. आणि या नोआचे पहारेकरी ८,८४८ मीटरच्या शिखरावर पळापळ करतायत, ना तोंडाला ऑक्सिजन, ना कुणाला खोकला. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम एक-तृतीयांश असतो. शिवाय साल १९६४. एव्हरेस्टवर तोपर्यंत मोजकीच माणसं पोचली होती. आपल्या भारतीय मोहिमेचे नऊ जण चढले ते पुढच्या वर्षी, मे १९६५ मध्ये. पहिला लेसर प्रयोगशाळेत चमकला त्याला जेमतेम चार वर्षं झालेली, आणि याच्याकडे डोंगर कापणारे लेसर. त्यांचं सामान वर कुणी नेलं? किती खेचरं लागली? आमच्या पोस्टवर जनरेटरचा एक पार्ट यायला सव्वा महिना लागला होता.

नोआची योजना तर त्याहून भारी. लेसरनं प्रचंड भूकंप घडवायचे, जमीन खचवायची, समुद्र सगळीकडे पसरवायचा, आणि उरलेल्या एकमेव बेटावर, म्हणजे एव्हरेस्टवर, नवी मानवजात वसवायची. बायबलमधल्या नोआचं नाव त्यासाठीच. जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण ७० मीटर चढेल. म्हणून लेखकांनी पाणी वाढवण्याऐवजी जमीन खाली नेली, तेवढी हुशारी त्यांनी दाखवली. पण मला यात एक गंमत सापडली. हवा समुद्राच्या पृष्ठभागावर बसलेली असते. समुद्र एव्हरेस्टच्या पायरीशी आला तर दाट हवाही त्याच्याबरोबर तिथेच येणार. म्हणजे जग बुडाल्यावर एव्हरेस्टवर श्वास मस्त घेता येईल! अडचण फक्त बुडण्याआधीची. हे मी सांगितल्यावर आमचा सातारचा हवालदार म्हणाला, "म्हणजे नोआला पहिले चौदा दिवस कुणी थांबवलंच नाही."

पण या सगळ्या भोकांना चूक म्हणता येत नाही. टिंगल करायची म्हटल्यावर भोकं मुद्दामच ठेवावी लागतात. बाँडच्या सिनेमात खलनायक नायकाला पकडतो आणि गोळी न घालता आपली योजना सविस्तर समजावतो. इथेही बशीर आणि गारॅकला लेसरला बांधून ठेवतात आणि निघून जातात. बशीर मग तिथल्या शास्त्रज्ञ बाईंचा चष्मा काढतो, केस मोकळे करतो, आणि बाई किल्ली देतात. हे बघताना गारॅकचा चेहरा बघावा. आयुष्यभर खरी हेरगिरी केलेल्या माणसाला फ्लॅट, कपडे, शॅम्पेन बघून आपण चुकीच्या खात्यात नोकरी केली असं वाटतं, आणि तो ते बोलूनही दाखवतो. ही नक्कल इतकी जमली की बाँडपटांच्या मालक कंपनीनं तक्रार केली होती. त्याच नोव्हेंबर महिन्यात त्यांचा 'गोल्डनआय' प्रदर्शित झाला होता.

खरी भोकं त्या चौकटीबाहेरच्या गोष्टीत आहेत. पाच माणसांची मनं साठवायला अख्खं स्थानक लागतं, मग रोज शेकडो लोकांना इकडून तिकडे पाठवणारा ट्रान्सपोर्टर ती कुठे ठेवतो? खेळ बंद करता येत नाही हे पटलं, पण तो नुसता जागच्या जागी थांबवून का ठेवत नाहीत? आणि प्रत्येक संकटात सगळ्यात आधी होलोसूटची सुरक्षाच का जाते? एवढी धोक्याची खोली दारूच्या गुत्त्यावर भाड्यानं देतात? सिग्नल्समध्ये असला सेट कुणी लावला असता तर त्याची पेशी झाली असती.

आता १९६४ हे साल पुन्हा लक्षात घ्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चीननं लोप नोर इथे पहिला अणुस्फोट केला. त्यानंतर हिमालयात जे खरोखर घडलं ते लिहून दिलं असतं तर कुठल्याही निर्मात्यानं परत केलं असतं. अमेरिकेची सीआयए आणि आपलं गुप्तचर खातं यांनी ठरवलं की चिनी चाचण्यांवर नजर ठेवायला ७,८१६ मीटरच्या नंदादेवीवर एक यंत्र बसवायचं. त्याला वीज पुरवणार प्लुटोनियमवर चालणारा जनरेटर. सगळ्या साहित्याचं मिळून वजन पन्नास किलोंच्या वर, माणसांच्या पाठीवरून न्यायचं. भारतीय तुकडीचे नेते होते नौदलाचे मनमोहनसिंग कोहली, तेच ज्यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी नऊ जण एव्हरेस्ट चढले होते. ऑक्टोबर १९६५ मध्ये शिखराखाली हवामान फिरलं. कोहलींनी माणसं खाली आणली आणि जनरेटर वरच बांधून ठेवला. पुढच्या वर्षी परत गेले, तर तो जागेवर नव्हता. हिमकडा कोसळून सगळंच वाहून गेलं होतं. नंतर शोध झाले, सापडला नाही. एप्रिल १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत हे मान्य केलं. त्या उतारांचं पाणी ऋषीगंगेतून पुढे गंगेला मिळतं. २०२१ च्या फेब्रुवारीत चमोलीत पूर आला तेव्हा गावकऱ्यांना पहिली आठवण त्या जनरेटरची झाली. शास्त्रज्ञांनी कारण दिलं खडक आणि बर्फाचा कडा तुटल्याचं.

या गोष्टीत टक्सिडो कुठेही नाही. शेर्पा आहेत, दोर आहेत, वादळ आहे, आणि एका नेत्याचा निर्णय आहे की यंत्र राहू दे, माणसं खाली चला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. पण त्याचं बिल कुणाच्या नावानं फाटेल हे अजून ठरलेलं नाही.

म्हणूनच या भागातला एक प्रसंग आम्ही हसत बघितला नाही. शेवटाकडे गारॅक म्हणतो, आता पुरे. त्या पाच जणांना वाचवण्याच्या नादात आपणही मरू. खेळ बंद कर, चल. खरा हेर कधी थांबायचं ते ओळखतो. तो दाराकडे वळतो, आणि बशीर त्याच्यावर गोळी झाडतो. ती मानेला चाटून जाते.

खोलीत कुणी बोललं नाही. कारण दोन महिन्यांपूर्वी आमच्याच पोस्टवर तो प्रश्न आला होता. एका नव्या पोराच्या फुफ्फुसात पाणी झालं. संध्याकाळी खोकला, रात्री नऊला गुलाबी फेस. बर्फाचं वादळ, हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय येणार नाही, रस्ता गाडला गेलेला. दोन जवान म्हणाले, साब, आम्ही स्ट्रेचर घेऊन उतरतो. एक जुना सुभेदार म्हणाला, एकासाठी सहा घालवू नका. दोघांचंही चुकत नव्हतं. कंपनी कमांडर साहेबांनी तिसरा मार्ग घेतला. पोराला हापो बॅगेत घातलं. ही माणूसभर लांबीची पिशवी. हवा भरत राहिलं की आतला दाब वाढतो, आणि आतल्या माणसापुरती पोस्ट काही हजार फूट खाली उतरते. पण पंप पायानं मारत राहावा लागतो. थांबलात की संपलं. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावल्या. मी सेटवर होतो. खालच्या डॉक्टरसाहेबांशी दर अर्ध्या तासानं बोलणं, आणि मधल्या वेळात सेटच्या बॅटऱ्या कोटाच्या आत काखेत धरून गरम ठेवणं. त्या रात्री कुणी पराक्रम केला नाही. सगळ्यांनी मिळून सकाळपर्यंत वेळ काढला. साडेसहाला हेलिकॉप्टरचा आवाज आला. पोरगा पुढे बरा होऊन युनिटमध्ये परतला.

बशीरही तेच करतो. नोआसमोर उभा राहतो आणि त्याला उमगतं की इथे जिंकायची गरजच नाही, खेळ चालू राहायला हवा. म्हणून तो स्वतःच बटण दाबतो आणि जग बुडवून टाकतो. बाँडपटांच्या इतिहासात नायकानं असं केल्याचं मला आठवत नाही. खुद्द नोआ चक्रावतो. जग बुडालं तर बुडू दे, ते खोटं आहे. पाच माणसं खरी आहेत, आणि त्यांना अजून दोन मिनिटं हवी आहेत.

त्या दोन मिनिटांत त्यांना वाचवतो कोण? बशीर नाहीच. वाचवतो रॉम, गुत्त्याच्या मालकाचा भाऊ, होलोसूटची दुरुस्ती करणारा. मालक कंजूष, म्हणून यानं जुन्या भंगारातून, अगदी स्वयंपाकघरातला उलथणा वापरून, ते यंत्र चालू ठेवलेलं असतं. अधिकारी आत डोकावून बघतात आणि थक्क होतात. पण नेमकं कुठलं काय कुठे जोडलंय ते फक्त त्यालाच ठाऊक. त्याच्या मदतीनं होलोसूट दुसऱ्या यानाच्या ट्रान्सपोर्टरला जोडतात आणि पाचही जण अखंड परत येतात.

सातारच्या हवालदाराला ते उलथण्याचं अजिबात पटलं नाही. त्याच्या मते सगळ्या भागातलं सगळ्यात मोठं भोक तेच. मी त्याला आमच्या सेटकडे बघायला सांगितलं. त्याची एरियल तेव्हा तंबूच्या खुंटीला आणि बुटाच्या नाडीला बांधलेली होती, आणि गेला दीड महिना ब्रिगेडशी बोलणं त्यावरच चालू होतं.