ब्रिसलकोन वृक्षांच्या सान्निध्यात

उन्हाळ्यात अमेरिकेतील मुला-लेकींकडे जाणारी वडीलधारी मंडळी बहुधा मोठी शहरे पाहून परततात. कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागातील इन्यो राष्ट्रीय वनात दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत त्याहून निराळा आहे. त्याची तयारी मात्र घरूनच काटेकोरपणे करावी लागते.

१९०७ साली स्थापन झालेले हे वन कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहे. येथील व्हाइट पर्वतरांगेत जगातील अतिप्राचीन ब्रिसलकोन पाइन वृक्ष उभे आहेत. १९५७ साली एडमंड शुल्मन यांनी त्यांतील ‘मेथुसेला’ या वृक्षाचे वय निश्चित केले. ते ४,८०० वर्षांहून अधिक आहे. वृक्षाला इजा होऊ नये म्हणून त्याची नेमकी जागा गुप्त ठेवली जाते.

बिग पाइन गावाहून घाट चढताना ग्रँडव्ह्यू हा मुक्कामाचा तळ लागतो. तेथे पाणी मिळत नाही. माणशी दररोज किमान चार लिटर धरले, तरी चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४८ लिटर पाणी सोबत न्यावे लागते. भांड्यांचे पाणी वेगळे. पेट्रोलही गावातच भरून घ्यावे. शुल्मन ग्रोव्ह सुमारे दहा हजार फूट उंचीवर असल्याने विरळ हवेत दम लागतो. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. रात्री भर उन्हाळ्यातही गारठा असतो. लोकरीचे कपडे विसरू नयेत. हिवाळ्यात बर्फामुळे वरचा रस्ता बंद असतो.

अन्नाच्या वासाने वन्य प्राणी येतात. म्हणून स्वयंपाक व जेवण उजेडीच आटोपून शिधा बंदिस्त ठेवावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना ही शिस्त जड जाणार नाही. वणव्याचा धोका वाढला की शेकोटीवर बंदी येते. तेव्हा निघण्यापूर्वी वनसेवेच्या कार्यालयात चौकशी करणे अगत्याचे.

सर्वांत महत्त्वाचा नियम सरपणाचा. येथे पडलेली वाळकी काटकीही उचलू नये. कोरड्या, थंड हवेत हे राळयुक्त लाकूड हजारो वर्षे कुजत नाही. जिवंत व मृत लाकडांतील वार्षिक वलये जुळवून अभ्यासकांनी हजारो वर्षांचा कालक्रम सिद्ध केला आणि त्यावरून कार्बन-कालमापनातील त्रुटी दुरुस्त केल्या. घटकाभराच्या उबेसाठी जाळलेली काटकी म्हणजे त्या जमाखर्चाच्या वहीतून कायमचे फाडलेले पान होय.

या वृक्षांना सुपीक माती व मुबलक पाणी कधीच लाभले नाही. मंद वाढीमुळे त्यांचे लाकूड घट्ट झाले आणि कीड व कूज यांना पुरून उरले. ज्या अरण्याने थोडक्यात एवढे आयुष्य निभावले, तेथे पाहुण्यानेही आपला शिधा आपण न्यावा, कचरा परत आणावा आणि मागे केवळ पाऊलखुणा ठेवाव्यात.