१५ मिमीची लेन्स आणि कडेला उभी राहिलेली मुलगी



या वेळी थोडा वेगळा अनुभव सांगते. धडा गणिताचा की विज्ञानाचा, ते तुम्हीच ठरवा.

माझ्या मामांचा तालुक्याला फोटो स्टुडिओ होता. तो बंद करताना त्यांनी त्यांचा रोलचा कॅमेरा मला दिला, फॉइग्टलेंडर बेसा आर. हा रेंजफाइंडर कॅमेरा. म्हणजे आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. सोबत दोन लेन्स होत्या. एक नेहमीची ५० मिमीची आणि दुसरी १५ मिमीची, १९९९ साली बाजारात आलेली. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ११० अंश टिपते. आपल्या पेटीतला कोनमापक घेऊन ११० अंश मांडून बघा, म्हणजे कल्पना येईल.

गंमत अशी की ही लेन्स लावली की रेंजफाइंडर निरुपयोगी! कॅमेऱ्याची खिडकी एवढं रुंद दाखवूच शकत नाही आणि ही लेन्स त्या दोन प्रतिमांना जोडलेलीही नाही. म्हणून वर एक वेगळी छोटी दुर्बीण बसवायची आणि अंतर अंदाजाने लावायचं. छिद्र ८ वर आणि रिंग १ मीटरवर ठेवली की अर्ध्या मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे अंदाज चुकला तरी चालतं. सांभाळायचं ते दुसरंच. कॅमेरा जरा वर-खाली झुकला की दाराची चौकट पडायला लागते. आणि बोटं! माझ्या पहिल्या रोलमधल्या चार फोटोंत माझंच बोट आहे. दुर्बिणीतून ते दिसत नाही ना.

आता मुद्द्यावर येते. आमच्या शाळेत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं येतात. यंदा बीडकडची एक मुलगी तिसरीत आली. अबोल, कायम भिंतीकडेच्या शेवटच्या जागेवर. फेब्रुवारीत वर्गाच्या भिंतीसाठी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरवला. पटावर २७ मुलं, खोली लहान, मागे सरकायला माझ्याकडे फक्त दोन मीटर. मी खुशीत १५ ची लेन्स लावली. तेवढ्या अंतरातून पावणेपाच मीटरची रांग मावते. ही मुलगी उशिरा आली. मी म्हटलं, "जा, कडेला उभी राहा."

रोल पुण्याहून धुऊन आला, ८ बाय १२ इंचाचा प्रिंट लावला आणि वर्ग खो-खो हसला. मधली मुलं ठीक होती. कडेला मात्र तिचं डोकं आडवं ताणलं गेलेलं, जवळजवळ दीडपट रुंद. एकाने "भोपळा" म्हटलं आणि नाव चिकटलं. ती दोन दिवस शाळेत आली नाही. मी खोपीवर गेले तेव्हा तिने एकच विचारलं, "बाई, माझं डोकं असं हाय का ओ?"

खरं सांगते, मला लेन्सचा राग आला होता, पण कडेला उभं मीच केलं होतं. तिच्या आईला म्हटलं, "ताई, उद्या पाठवा तिला, मी बघते." ती आली.

वर्गातला उजेड बंद करून बॅटरी घेतली. भिंतीवर सरळ झोत टाकला, गोल. त्याच जागेवरून बॅटरी कडेला वळवली, झोत लांबट झाला. "बॅटरी बदलली का?" "नाही बाई!" "मग?" चौथा प्रयत्न झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "भिंत तिरकी लागतीय." बरोब्बर. कॅमेऱ्यातला रोल म्हणजे ती सपाट भिंत. गोल डोक्यावरून येणारा प्रकाश कडेला तिरका पडतो, म्हणून ठसा लांबट.

मग दुसरी गोष्ट केली, ती मलाही त्याच आठवड्यात सुचली होती. रोलवरची ३६ मिमीची चौकट १२ इंचांची झाली, म्हणजे साधारण साडेआठपट. १५ ला साडेआठने गुणलं की सुमारे १३ सेंमी. एक डोळा मिटायचा, दुसरा डोळा फोटोच्या बरोब्बर मध्यासमोर १३ सेंमीवर आणायचा आणि मान न हलवता नजर कडेला न्यायची. डोकी गोल दिसतात! लहान मुलांना एवढ्या जवळचं स्पष्ट दिसतं. मला धुरकट दिसलं, वय झालं म्हणायचं. आधी मी तिलाच पाठवलं. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग ज्याने नाव ठेवलं होतं त्याच्याकडे वळून म्हणाली, "ये, तूच बघ." तो बघून आला आणि काही न बोलता जागेवर बसला. पुढे एक-दोनदा ते नाव ऐकू आलं, नाही असं नाही.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. या लेन्सच्या कडेला फळा, दार, झाड, काहीही येऊ दे, माणूस नको. एवढ्या तिरक्या जागी कुणाला उभं करायचं नाही. रोलमध्ये फोटो शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी ५० ची लेन्स लावली, सगळ्यांना लिंबाखाली तीन ओळींत बसवलं आणि सात-आठ मीटर मागे गेले. तिला विचारलं, "कुठं बसतेस?" ती मैत्रिणीशेजारी, दुसऱ्या ओळीत बसली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तोड संपली आणि टोळी गेली. प्रिंट दोनच दिवस आधी हातात आले होते. लिंबाखालचा फोटो तिने वहीच्या कव्हरात घालून नेला. पहिला अजून वर्गात आहे. त्याच्याखाली दोऱ्याला १३ सेंमीची पट्टी बांधून ठेवली आहे, मधल्या सुट्टीत पोरं एक डोळा मिटून तिथं रांग लावतात.