धारवाडात सहा आठवडे

बेळगावकरास धारवाड हे परगाव वाटत नाही. लोहमार्गाने जावे तर लोंढा-अळनावरचे रान ओलांडून, आणि हमरस्त्याने जावे तर १८२४ साली राणी चन्नम्माने कंपनी सरकारशी जेथे झुंज दिली ते कित्तूर मागे टाकून, सुमारे ७५ किलोमीटरांवर हे गाव लागते. पश्चिमेचा मलनाड जेथे सरतो आणि पूर्वेची सपाट काळी जमीन जेथे सुरू होते, त्या उंबरठ्यावर ते वसले आहे. उंची साधारण साडेसातशे मीटर. त्यामुळे हवा सौम्य, पाऊस रिमझिम आणि माणसांच्या चालण्याबोलण्यात एक प्रकारचा निवांतपणा. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच होता. मराठी माणसाची धारवाडला जाण्याची कारणे सहसा तीन असतात: शिक्षण, गाणे आणि पेढा. आम्ही चौथ्याच कारणासाठी गेलो, आणि जबड्याला रबरी बंध लावून सहा आठवडे राहिलो.

ज्या व्याधीपायी हे घडले तिला वैद्यकात ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. निद्रावस्थेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला की एक खंड मोजावयाचा. प्राणवायू घटल्याबरोबर मेंदू माणसास दचकवून जागे करतो, श्वास सुटतो, आणि पुन्हा तोच खेळ. निजलेल्या माणसास यातले काहीच सकाळी स्मरत नाही; त्याला केवळ जड डोके आणि दिवसभराची पेंग ठाऊक असते. ताशी तीसांहून अधिक वेळा श्वास खंडित वा क्षीण झाल्यास व्याधी तीव्र समजतात. एका रात्रीच्या तपासणीत आमचा आकडा एकेचाळीस निघाला. शेजारी निजणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना मात्र यंत्रावाचूनच सर्व ज्ञात होते. घोरणे एकाएकी थांबले की त्या अंथरुणावर उठून बसत, आणि पुढचा श्वास ऐकू येईपर्यंत पुन्हा पाठ टेकत नसत.

या व्याधीवरचा पहिला उपाय म्हणजे नाकावर मुखवटा बांधून हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र. पुष्कळांना ते उत्तम मानवते. आम्हांस ते मानवले नाही. अनेक महिने नाना तऱ्हेचे मुखवटे बदलूनही रात्र सोसवेना, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार पुढे आला. वरचा व खालचा असे दोन्ही जबडे कापून सुमारे एक सेंटिमीटर पुढे सरकवावयाचे आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी तेथे पक्के करावयाचे, असे तिचे स्वरूप. जिभेचे मूळ खालच्या जबड्याच्या आतल्या अंगास बांधलेले असते. जबडा पुढे गेला की जीभही पुढे ओढली जाते आणि घशातील वाट रुंदावते. तत्त्व इतके सोपे की पाचवीच्या मुलास फळ्यावर काढून दाखवावे. परंतु स्वतःच्या तोंडावर ते घडावयाचे म्हटल्यावर पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मनात काय काय येऊन जाते, ते सांगत नाही. संमतिपत्रावर आम्ही सही केली, तेव्हा साक्षीदाराच्या जागी सौभाग्यवतींची सही किंचित वाकडी उमटली होती.

रुग्णालयातून सुटल्यावर दर आठवड्याच्या तपासणीसाठी गावातच राहणे सोयीचे होते. माळमड्डीत सौभाग्यवतींच्या थोरल्या मावसबहिणीचे घर आहे. सारे घर त्यांना अक्का म्हणते. त्यांनी पुढची खोली आम्हांस मोकळी करून दिली. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी सूज शिगेला पोहोचते, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते, तरी आरशात पाहिल्यावर हा गृहस्थ कोण, असाच प्रश्न पडला. उशा रचून अर्धवट बसल्या स्थितीत निजावयाचे, नाक शिंकरावयाचे नाही, आणि जे काही पोटात जावयाचे ते पातळ, गाळलेले, नळी लावलेल्या पिचकारीने गालाच्या कडेने आत सोडावयाचे. नाचणीची अंबील, भाताची पेज, टोमॅटोचे सार आणि ताक यांची एक पाळीच अक्कांनी लावून दिली होती. खालचा ओठ व हनुवटी बधिर असल्याने पेज ओघळली तरी कळत नसे. सौभाग्यवती मुकाट्याने पदराने पुसत.

धारवाडच्या बाजूस भेटणारा माणूस प्रथम विचारतो, “ऊटा आतेन री?” म्हणजे, जेवण झाले काय? कुशल विचारण्याची ही रीत मोठी प्रेमळ आहे. परंतु ज्याचे दात रबरी कड्यांनी एकमेकांस बांधले आहेत आणि ज्याच्या नाकाशी शेजारच्या चुलीवरील ज्वारीच्या भाकरीचा व भरल्या वांग्यांचा दरवळ येत आहे, त्याने यास काय उत्तर द्यावे? आम्ही मान डोलावून ‘झाले’ असे दर्शवीत असू. बाकीचे संभाषण पाटीवर चाले. घरातील नातवाची जुनी पाटी आम्हांस मिळाली होती. तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून बोलत आलेल्या माणसास पाटीवर लिहून पाणी मागावे लागले, तेव्हा पोराने आमच्या अक्षरातील ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यास आरंभ केला.

तिसऱ्या आठवड्यापासून सायंकाळी फिरण्याची मुभा मिळाली. ‘जिटि जिटि’ पाऊस थांबला की छत्री घेऊन आम्ही दोघे साधनकेरीच्या तळ्याकाठी जात असू. या तळ्याच्या परिसरात कवी द. रा. बेंद्रे राहत. १९७३ साली ज्ञानपीठाचा मान मिळालेल्या या कन्नड महाकवीची मायबोली मराठी होती, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. उलट, मराठी कथेला नवे वळण देणारे जी. ए. कुलकर्णी याच गावी राहून महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. एका गावाने दोन भाषांना असे काही द्यावे, हे सीमेवरील माणसाने विशेष ध्यानी धरावे. याच गावी १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, तो या भागातील शाळा-कचेऱ्यांत मराठीचे वर्चस्व असताना कन्नडला तिचे स्थान मिळावे म्हणून. आपली भाषा जेथे मागे पडते, तेथील दुःख आपण जाणतो. तेच दुःख एके काळी शेजाऱ्याने आपल्यामुळे भोगले, हे त्या इमारतीवरून मुक्याने जाताना अधिक स्पष्टपणे उमगले. बोलता येत असते तर कदाचित आम्ही वाद घातला असता.

मुकेपणाचे आणखी एक फळ म्हणजे ऐकणे. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’ हे निवासस्थान आता स्मारक झाले आहे. ते पाहून परतताना मन सारखे आठवत राहिले ते कुमार गंधर्वांना. बेळगावजवळील सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार क्षयाने ग्रासल्यावर, १९४८ साली, हवापालटासाठी माळव्यातील देवासला गेले. गाण्याची सक्त मनाई होती. काही वर्षे त्यांनी अंथरुणावर पडून केवळ ऐकले. आणि कानी पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून पुढे त्यांचे नवे राग उगवले. इंदूर-देवासच्या वाचकांस ही कथा आम्ही नव्याने काय सांगावी! आमच्यासारख्याच्या मौनातून काही राग उपजावयाचा नव्हता. परंतु आजारपणाचा काळ म्हणजे आयुष्यातून वजा झालेला काळ नव्हे, एवढा दिलासा त्या आठवणीने दिला.

राहता राहिला पेढा. उन्नावकडून एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो प्रसिद्धीस आणला. खवा तांबूस होईपर्यंत परतून, वर पिठीसाखरेत घोळवलेला हा पेढा मथुरेच्या पेढ्याचा भाऊ खरा, पण अंगाने धारवाडच्या मातीसारखा. लाइन बझारातून जाताना आम्ही नजर दुसरीकडे वळवीत असू. अक्कांच्या ते ध्यानी आले असावे. एके रात्री त्यांनी एक पेढा कोमट दुधात विरघळवला, वस्त्रगाळ केला आणि पिचकारी भरून पुढे केली. म्हणाल्या, “भाऊजी, धारवाडला येऊन पेढा न खाता गेलात तर गाव आम्हांला हसेल.” भाजक्या खव्याचा तो वास टाळूपर्यंत पोहोचला, आणि सुजलेल्या डोळ्यांत पाणी आले.

सहा आठवड्यांनी हाडे जुळू लागल्याचे चित्रात दिसले आणि बंध सुटले. वजन नऊ किलोंनी उतरले होते. हनुवटीचा थोडा भाग अजूनही बधिर आहे. दाढी करताना तेथे वस्तरा परक्याच्या गालावर फिरतो आहे असे वाटते. सहा महिन्यांनी पुन्हा रात्रीची तपासणी झाली, तेव्हा एकेचाळिसाचा आकडा सहावर आला होता. प्रत्येकास ही शस्त्रक्रिया लागते असे नाही. कोणास वजन उतरवून भागते, कोणास यंत्र पुरते. निर्णय तज्ज्ञांचाच. परंतु ज्या घरात कुंभकर्ण म्हणून कोणाची थट्टा होत असेल, तेथे एकदा कोणी जागे राहून ते घोरणे मध्येच तुटते काय, हे ऐकावे.

धारवाडातील अखेरच्या रात्रींपैकी एका रात्री आम्हांस जाग आली. बाहेर पागोळ्या गळत होत्या. नेहमी आमच्या श्वासाकडे कान लावून अर्धवट जागणाऱ्या सौभाग्यवती भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. किती वर्षांनी, हे त्यांनाच ठाऊक. त्यांची झोप मोडू नये म्हणून आम्ही कूससुद्धा बदलली नाही.