छातीला मामाच पटला होता

थायलंडच्या ट्रिपचे शेवटचे दिवस कोह ताओला काढायचे, एवढंच ठरलं होतं. स्कूबाचा कोर्स करायचा हट्ट माझा आणि एका मित्राचा. बाकीचे चौघे बीचवर लोळणार होते. खरं सांगायचं तर आठ दिवसांनंतर सगळ्यांनाच एकमेकांपासून थोडी सुट्टी हवी होती.

कोह ताओ म्हणजे कासवाचं बेट. जेमतेम 21 चौरस किलोमीटर, आणि जिकडे बघावं तिकडे डायव्हिंग स्कूल. मालवणला केलं होतं ते स्कूबा वेगळं. तिथे सोबतचा माणूस आपल्याला धरून फिरवून आणतो, फोटो काढतो. इथे थिअरी, परीक्षा, पूल, मग समुद्रात चार डाइव्ह. पास झालं की 18 मीटरपर्यंत जायचं लायसन्स.

पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून श्वास कोंडला आणि तसंच वर आलो, तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं फाटू शकतात. बॉइलचा नियम मी मार्कांसाठी पाठ केला होता. तो माझ्या बरगड्यांच्या आतही चालतो, हे कुणी बोललं नव्हतं.

माझी गोची वेगळीच. मी पोहायला शिकले आजोळच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. मामा काठावरून ओरडायचा, "नाक दाब, श्वास धर, मार उडी!" तेव्हा मी सात वर्षांची. डोकं पाण्याखाली गेलं की छाती आपोआप बंद होते. डोक्याला बॉइल पटला होता, छातीला मामा.

पूलमध्ये मास्क काढून मिनिटभर तोंडाने श्वास घ्यायचा होता. मग मास्क चढवायचा, वर बघत त्याची वरची कड दाबायची, नाकाने हवा सोडायची. आतलं पाणी खालून निघून जातं. मित्राने पहिल्याच झटक्यात केलं. मी तीनदा उठून उभी राहिले. पूल नाही जमला तर समुद्र नाही, आणि तिसऱ्या दिवशी फेरी होती. इन्स्ट्रक्टर बाई काही बोलल्या नाहीत. स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवत राहिल्या: आत, बाहेर. चौथ्यांदा मी मराठीत मोजायला लागले. चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. डोळे मिटलेले, नाकाला गार पाणी लागतंय, तरी तोंडाने हवा येतेय. साठ कधी झाले कळलं नाही.

समुद्रात मित्राने खुशीत अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा असतो, त्यामुळे वरात निघालीच होती. मी मात्र श्वासातच अडकले होते. भरून घेतला की शरीर किंचित वर तरंगतं, सोडला की खाली बसतं. प्रवाळांवरून मी तशीच जात होते, फक्त श्वासाने वरखाली. कानात बुडबुड्यांची खळखळ, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच कुणी काही बोलत नव्हतं.

शेवटच्या डाइव्हनंतर 18 तास विमानात बसायचं नसतं, म्हणून तो दिवस कोरडाच गेला. सगळे हिशेब मिटवत बसले. मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने पहिलंच विचारलं, "किती मिनिटं श्वास धरलास गं?"