कर्ता कुठे गेला?

‘प्रयोग’ म्हटलं की मराठी माणसाला आधी नाटक आठवतं. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग शाळेत फुकट दाखवलेले, म्हणून लक्षात राहत नाहीत. मला राहिले, कारण मी बँकेत आहे आणि बँक कर्मणीवर चालते. ‘आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ कळवणारा कोण? नामंजूर करणारा कोण? शोधून दाखवा! रक्कम नावे टाकलेली आहे, पण खातंच सापडत नाही.

घरीही कर्ता सोयीनुसार गायब होतो. पाहुण्यांच्या मुलानं कप आपटला तर तो ‘फुटला’. आपल्या मुलानं आपटला तर ‘फोडलास ना?’

मोठी माणसंही यात मागे नाहीत. इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन संसदेपुढे उभे राहिले. जबाबदारी माझी, म्हणाले. चुका मात्र ‘केल्या गेल्या’. कोणी केल्या, ते त्या वाक्यात नव्हतं.

संस्कृतात असली लपवाछपवी नाही. पुरोहित यजमानासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजति’, यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा ‘यजते’. पुण्य कोणाच्या खाती जमा, हे क्रियापदच सांगतं. पाणिनी आमच्या ऑडिटला हवे होते! जपानी माणूस पावसात सापडला, तर तो जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ ‘मी पावसाकडून पडला गेलो’ असा होतो. आमच्या पत्रात करणारा नसतो. त्याच्या वाक्यात सोसणारा असतो.

तसा सोसणारा मराठीतही आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो माझ्या काउंटरवर येतो. पेन्शनची स्लिप पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘साहेब, आता सही करवत नाही हो.’ ‘मी सही करत नाही’ म्हणाला असता तर तो हट्ट झाला असता. ‘करवत नाही’ म्हणजे इच्छा शाबूत आहे, बोटं ऐकत नाहीत. व्याकरणात याला शक्य कर्मणी म्हणतात. जे शक्य नाही, त्यालासुद्धा!

या माणसाला नियमाप्रमाणे ‘आपली सही जुळत नसल्याचे कळविण्यात येते’ असं उत्तर देता येतं. एका कर्मणीवर दुसरा कर्मणी. मधे माणूस कुठेच नाही. मला ते देववत नाही. मी अंगठ्याची शाई पुढे ओढतो आणि चांगल्या खणखणीत कर्तरीत सांगतो, ‘बसा काका. मी करतो.’