गाडी नसलेले भित्तिपत्रक

लंडनच्या भुयारी रेल्वेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्यू येथील वनस्पतिउद्यानाची अनेक भित्तिपत्रके काढली. त्यांत बहरलेल्या फांद्या असतात, ताडगृहाच्या काचेची गोलाई असते, चिनी धाटणीच्या पॅगोड्याची एकावर एक रचलेली छपरे असतात. तळाशी उद्यानाचे नाव आणि जवळच्या स्थानकाचा उल्लेख. रेल्वे मात्र सहसा कोठेच दिसत नाही. जिने रूळ टाकले, चित्रकाराला मोबदला दिला आणि छपाईचा खर्च सोसला, ती कंपनी आपल्याच जाहिरातीत चौकटीबाहेर उभी राहते. वरवर पाहता हा यजमानाचा संकोच वाटेल. प्रत्यक्षात त्यामागे अत्यंत रोखठोक हिशेब होता.

शहरी रेल्वेचे दुखणे सर्वत्र सारखेच असते. सकाळी आणि संध्याकाळी डब्यांत पाय ठेवायला जागा नसते; दुपारी आणि सुटीच्या दिवशी तेच डबे रिकामे धावतात. रूळ, सिग्नल, वीज आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र प्रवाशांच्या संख्येबरोबर कमी होत नाही. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या अंडरग्राउंड इलेक्ट्रिक रेल्वेज कंपनीने डिस्ट्रिक्ट मार्गाचे विद्युतीकरण १९०५ मध्ये पूर्ण केले. परंतु नव्या मार्गांवर अपेक्षेइतके प्रवासी येईनात. अशा वेळी, १९०८ मध्ये, कंपनीच्या प्रसिद्धीचे काम फ्रँक पिक या तरुण अधिकाऱ्याकडे आले. १८७८ मध्ये जन्मलेल्या पिक यांचे शिक्षण कायद्याचे. चित्रकलेशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता. कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला जाहिरातीची गरज नाही, तो येणारच. समजूत घालायची आहे ती ज्याला घराबाहेर पडण्याचे काहीच कारण नाही त्याची. त्याला गाडी दाखवून उपयोग नाही. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, ते दाखवले पाहिजे. रिचमंडकडे जाणाऱ्या फाट्यावर क्यूचे उद्यान होते. रिकाम्या बाकाला त्यापेक्षा चांगला वकील मिळणे कठीण होते.

पिक यांनी प्रथम भिंती मोकळ्या केल्या. साबण, कोको आणि औषधे यांच्या जाहिरातींच्या गर्दीत कंपनीची स्वतःची पत्रके हरवून जात. त्यांच्यासाठी स्थानकांवर वेगळ्या जागा राखल्या गेल्या. ही पत्रके बहुधा ४० इंच उंच आणि २५ इंच रुंद असत. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वा वेगळा पत्रा लागतो. म्हणून चित्रकाराला रंग मोजूनमापून वापरावे लागत. फलाटावरील माणसाला थांबायला वेळ नसतो, तेव्हा चित्र दुरून आणि एका दृष्टिक्षेपात कळणेही आवश्यक होते. या दोन्ही मर्यादांतून सपाट रंगांची आणि मोजक्या रेषांची एक शैली आकारास आली. १९१५ मध्ये मॅकनाइट कॉफर यांनी अंडरग्राउंडसाठी पहिली भित्तिपत्रके केली. १९१६ मध्ये एडवर्ड जॉन्स्टन यांनी घडवलेली निरलंकृत अक्षरे कंपनीच्या वापरात आली. ज्याने कलादालनाचा उंबरठा कधी ओलांडला नव्हता, अशा माणसाच्या रोजच्या वाटेवर नवी चित्रकला येऊन उभी राहिली. तिकिटाच्या पैशांपलीकडे तिच्यासाठी काही द्यावे लागत नव्हते.

क्यूच्या भित्तिपत्रकाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो उद्यानाच्या इतिहासात दडलेला आहे. १७५९ मध्ये राजकन्या ऑगस्टा यांच्या आश्रयाने येथे वनस्पतिउद्यान सुरू झाले. विल्यम चेंबर्स यांचा दहा मजली पॅगोडा १७६२ मध्ये उभा राहिला. १८४० मध्ये ही राजघराण्याची मालमत्ता शासनाकडे आली आणि पुढच्याच वर्षी विल्यम हुकर तिचे संचालक झाले. १८४४ ते १८४८ या काळात ताडगृह बांधले गेले. उद्यान सार्वजनिक झाले खरे, पण ते नेमके कोणासाठी, हा प्रश्न सुटला नव्हता. विल्यम यांचे पुत्र जोसेफ हुकर १८६५ पासून १८८५ पर्यंत संचालक होते. ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. क्यू ही त्यांच्या दृष्टीने प्रथम विज्ञानसंस्था होती. सकाळचे तास संशोधनासाठी राखलेले असत आणि सामान्य लोकांना दुपारी आत सोडले जाई. सकाळीही दारे उघडा, ही नागरिकांची मागणी त्यांनी वर्षानुवर्षे धुडकावली.

या वादाची खूण एका दरवाजात शिल्लक आहे. रेल्वे येणार म्हणून १८६८ च्या सुमारास उद्यानाच्या भिंतीत एक प्रशस्त प्रवेशद्वार उभारले गेले. १८६९ मध्ये स्थानक झाले, पण ते बरेच दक्षिणेला. दरवाजा एकीकडे, प्रवासी दुसरीकडे. तो तसाच बंद राहिला. अखेर १८८९ मध्ये ते द्वार तेथून हलवून स्थानकाच्या वाटेवर आणून बसवण्यात आले आणि त्याला राणी व्हिक्टोरियाचे नाव मिळाले. माणसांना दरवाजाकडे वळवण्याऐवजी दरवाजाच माणसांकडे आला. लोकशाहीचे पाऊल कित्येकदा असे बांधकाम खात्याच्या नोंदवहीत उमटलेले असते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की भित्तिपत्रक निरुपद्रवी वाटत नाही. ज्या गर्दीची हुकर यांना धास्ती होती, तिलाच ते नाव घेऊन बोलावत होते. १९१६ मध्ये उद्यानाने प्रवेशासाठी एक पेनी आकारण्यास प्रारंभ केला. तरीही दिवसाच्या कामाने थकलेल्या कुटुंबाला हा आनंद परवडण्याजोगा होता. पत्रकावर रोपांची लॅटिन नावे नसत, प्रवेशासाठी कोणत्याही पात्रतेची अट नसे. फूल पाहण्यासाठी त्याचे कुल ठाऊक असावे लागत नाही, एवढेच ते सांगत होते.

त्या चित्रांतील शांतता मात्र संपूर्ण खरी नव्हती. १९१३ च्या फेब्रुवारीत मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांनी क्यूमधील चहाचा मंडप जाळला. त्याहून मोठी गोष्ट काचेच्या भिंतीआड होती. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना १८६० नंतर निलगिरीच्या उतारांवर रुजवण्याच्या उद्योगात क्यूचा हात होता. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून रबराच्या सुमारे ७०,००० बिया येथे आणल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिलोनला गेली आणि आशियातील रबराच्या मळ्यांचा पाया घातला गेला. सह्याद्रीही या भिंतींपासून दूर नव्हता. पुण्याच्या तत्कालीन कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर क्यूमध्ये बसूनच मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. म्हणजे आंबोली-महाबळेश्वरच्या रानातील झाडाझुडपांची शास्त्रीय ओळख थेम्सकाठी वाळवलेल्या फांद्यांच्या संग्रहाशी ताडून ठरत होती. आणि त्याच वेळी स्थानकाच्या भिंतीवर ते उद्यान केवळ रविवारच्या विरंगुळ्याचे ठिकाण म्हणून झळकू लागले होते. जाहिरात खोटे बोलत नव्हती. ती फक्त दुपारचे क्यू दाखवत होती, सकाळचे नाही.

पहिल्या महायुद्धात या परंपरेला एक अनपेक्षित वळण मिळाले. १९१६ मध्ये कंपनीने परदेशी तळांवरील सैनिकांसाठी चार भित्तिपत्रके भेट म्हणून पाठवली. त्यांत जॉर्ज क्लाउझेन यांच्यासारख्या चित्रकाराचे काम होते. विषय मायदेशाच्या भूदृश्यांचे. तेथे तिकीट विकायचे नव्हते, कारण त्या झोपड्यांतून आणि छावण्यांतून कोणतीही लोकल सुटत नव्हती. रिकामे डबे भरण्यासाठी सुरू झालेल्या कलेने पहिल्यांदा असे काही केले, की ज्याचा जमाखर्च मांडता येत नव्हता. पण ते सुचले कसे? वर्षानुवर्षे परतीच्या वाटेचे चित्र रंगवत आल्यामुळेच सुचले असावे.

भित्तिपत्रकाचे आयुष्य थोडे असते. हंगाम सरला की त्यावर दुसरे चिकटवायचे, हाच त्याचा नियम. यांतील पुष्कळशी आज लंडनच्या परिवहन संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत आणि अभ्यासक ती कलाकृती म्हणून न्याहाळतात. क्यू २००३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. एका पेनीचा प्रवेश इतिहासजमा झाला असून आता तेथे वीस पौंडांच्या घरात शुल्क पडते. डिस्ट्रिक्ट मार्गाची गाडी मात्र अद्याप त्या स्थानकावर थांबते. तेथून उतरून सरळ चालत गेले की व्हिक्टोरिया द्वार लागते, १८८९ मध्ये जेथे आणून बसवले होते तेथेच.