थरथरता हात आणि स्थिर कळा

उतारवयात हाताला येणारा कंप आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. चहाची बशी वाजू लागते, सहीचे वळण बदलते. मला मात्र त्याने खरे अडवले ते संगणकाच्या माउसपाशी.

अंबाजोगाईच्या घरी आम्ही दोघेच असतो. पत्नीला मधुमेह आहे, मूत्रपिंडेही थोडी अशक्त झाली आहेत. पुण्याच्या डॉक्टरांशी दर दोन महिन्यांनी संगणकावरून बोलणे होते. त्या वेळी तीन टॅब उघडे लागतात : पहिल्यात डॉक्टर, दुसऱ्यात रक्ततपासणीचा अहवाल, तिसऱ्यात साखरेच्या नोंदी. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी क्रिएटिनिनचा आकडा विचारला. अहवालाकडे जाताना हात थरथरला, बाण फुलीवर गेला आणि डॉक्टरच पडद्यावरून नाहीसे झाले. पत्नी मला काही बोलली नाही, पण संध्याकाळी फोनवर मुलाला म्हणाली, "यापुढे डॉक्टरांशी तूच बोलत जा." ते वाक्य मनाला फार लागले.

दिवाळीत नात आली. तिने माउस बाजूला सारला. "आजोबा, बाण हलतो, कळा जागच्या हलत नाहीत," एवढेच ती म्हणाली.

विंडोजच्या संगणकावर, क्रोम किंवा एज वापरत असाल, तर आपणही हे करून पाहा. कळफलकाच्या डावीकडे खाली असलेली कंट्रोल ही कळ दाबून धरा आणि टॅब ही कळ एकदा दाबा. पुढचा टॅब समोर येतो. सोबत शिफ्टही धरली, तर मागचा येतो. कंट्रोल धरून १ दाबल्यास पहिला टॅब, २ दाबल्यास दुसरा, असे ८ पर्यंत. ९ मात्र नेहमी शेवटच्या टॅबवर नेतो. चुकून टॅब बंद झाला, तर कंट्रोल व शिफ्ट धरून टी दाबा. तो बहुधा परत येतो.

सांधे आखडल्याने दोन कळा एकत्र दाबवत नसतील, तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा. 'स्टिकी कीज' सुरू करायचे का, असे संगणक विचारतो, होकार द्या. मग कळा एकामागून एक दाबल्या तरी चालते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ज्येष्ठांच्या हातून माउस काढून घेऊ नका. शेजारी बसून कळा दाखवा. ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून द्या आणि दोन-चार दिवस निवांत वेळी सराव करू द्या. कंप नव्याने सुरू झाला असेल वा वाढत असेल, तर वयाचा दोष समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा आकडा विचारला. हात थरथरतच होता. मी कंट्रोल धरून २ दाबले, आकडा वाचला, १ दाबून परत आलो. त्या रात्री मुलाला पत्नीनेच फोन केला. म्हणाली, "आज यांनीच सगळे सांगितले."